एका दिवसाची सागरसफर आणि प्रवाळाची धारणक्षमता

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विकासाच्या अर्थशास्त्रातील कठीण प्रश्नांची चर्चा बहुधा धरणे, महामार्ग, बंदरे अशा मोठ्या प्रकल्पांच्या निमित्ताने होते. तथापि हेच प्रश्न एखाद्या कुटुंबाने सुटीत केलेल्या एका दिवसाच्या सागरसफरीतही दडलेले असतात. दक्षिण अंदमानातील वंडूरच्या धक्क्यावरून जॉली बॉय बेटाकडे जाणारी सफर हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

ही सफर करणारा पर्यटक पहाटेच श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, सोडतो. वंडूर येथे वन विभागाचा परवाना दाखवावा लागतो. धक्क्यावर सामानाची तपासणी होते. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या पुढे नेता येत नाहीत. अनामत रक्कम भरून पुन्हा वापरता येणारी बाटली घ्यावी लागते आणि परतताना ती जमा केल्यावर अनामत मिळते. त्यानंतर नौका घनदाट झाडीच्या बेटांमधील चिंचोळ्या जलमार्गांतून सुमारे तासभर प्रवास करते. जॉली बॉयला पक्का धक्का नाही. त्यामुळे मोठी नौका दूर उभी राहते आणि तळाशी काच बसवलेल्या लहान होड्या पर्यटकांना किनाऱ्यावर पोहोचवतात. मग डोळ्यांवर मुखवटा आणि तोंडात श्वासनलिका लावून, पाण्यावर तरंगत खालचे प्रवाळ पाहायचे, म्हणजेच स्नॉर्केलिंग करायचे. थोडा वेळ पांढऱ्या वाळूत घालवून दुपारी परतीची नौका गाठायची, असा हा कार्यक्रम असतो.

हा परिसर महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्र २८१.५ चौरस किलोमीटर असून त्यात १५ बेटांचा समावेश होतो. तेथील एका दिवसाच्या आनंदाची खरी किंमत किती आणि ती कोण चुकवतो, हा या विवेचनाचा विषय आहे.

दोन क्षमता

प्रत्येक प्रवासी नौकेची एक मंजूर क्षमता असते. किती माणसे बसवावीत, हा आकडा तपासणीनंतर ठरतो आणि परवान्यात नमूद केला जातो. तो आकडा ओलांडला तर काय होते, हे २६ जानेवारी २०१४ रोजी अंदमानात दिसले. पोर्ट ब्लेअरजवळच्या समुद्रात पर्यटकांची एक नौका उलटली आणि वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. नौकेत क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी होते, ही बाब त्यानंतर पुढे आली. या दुर्घटनेचा धडा कोणालाही समजतो, कारण चूक आणि तिचा परिणाम यांच्यात काही मिनिटांचेच अंतर होते.

नौका ज्या प्रवाळभित्तीपाशी जाऊन थांबते, त्या भित्तीचीही एक क्षमता असते. वर्षाकाठी किती माणसांचा वावर ती सहन करू शकेल, यालाही मर्यादा आहे. परंतु हा आकडा कोठेही रंगवून ठेवलेला नसतो. तो ओलांडल्याचे त्या दिवशी कोणाला कळत नाही. कळते ते काही वर्षांनी, आणि तोपर्यंत मिळालेले उत्पन्न खर्चही झालेले असते. पर्यावरणीय अर्थशास्त्रात या मर्यादेला धारणक्षमता म्हणतात. पहिल्या क्षमतेसाठी राज्यव्यवस्थेने परवाना, तपासणी आणि दंड यांची यंत्रणा उभी केली. दुसऱ्या क्षमतेसाठी तितकीच ठोस यंत्रणा उभी करणे हे सागरी पर्यटनापुढील खरे आव्हान आहे.

प्रवाळ : जिवंत भांडवल

प्रवाळ हा दगड किंवा वनस्पती नसून तो प्राणी आहे. पॉलिप या नावाने ओळखले जाणारे असंख्य सूक्ष्म जीव समुद्रातील कॅल्शियम कार्बोनेटचे कवच तयार करतात आणि पिढ्यान् पिढ्यांच्या कवचांतून भित्ती उभी राहते. या जीवांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाला रंगही मुख्यतः त्याच्यामुळे लाभतो. वाढीचा वेग मात्र अत्यल्प असतो. घुमटाकार प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, तर शाखायुक्त प्रवाळ तुलनेने जलद वाढतो. म्हणजे एका बेसावध पावलाखाली मोडणारा घुमटाचा तुकडा हा कित्येक वर्षांचा संचय असतो.

जगाच्या सागरतळाच्या एक टक्क्याहूनही कमी क्षेत्र व्यापणाऱ्या प्रवाळभित्तींवर सुमारे एक चतुर्थांश सागरी प्रजाती अवलंबून आहेत. भित्तींमुळे लाटांचा जोर कमी होतो, किनाऱ्याची धूप आटोक्यात राहते आणि मत्स्यसाठ्यांना आसरा मिळतो. भारतात कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार हे प्रमुख प्रवाळप्रदेश आहेत. अंदमानात प्रामुख्याने किनाऱ्याला लागून असलेल्या अनुतट प्रवाळभित्ती, तर लक्षद्वीपमध्ये कंकणाकृती प्रवाळद्वीपे आढळतात. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलून नेणे हा त्यामुळे गुन्हा ठरतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत प्रवाळभित्ती हे नैसर्गिक भांडवल होय. यंत्राचा घसारा हिशेबात धरला जातो. या भांडवलाचा घसारा मात्र कोणत्याही नौकाचालकाच्या जमाखर्चात दिसत नाही.

तिकिटात नसलेला खर्च

सफरीच्या तिकिटात इंधन, खलाशांचे वेतन, नौकेची देखभाल व परवाना शुल्क यांचा समावेश असतो. पर्यटकाच्या पायाने मोडलेली शाखा, प्रवाळावर टाकलेल्या नांगराने झालेली हानी, ढवळलेल्या गाळाने अडलेला प्रकाश, अंगावरून पाण्यात उतरलेले उन्हापासून संरक्षण करणारे मलम, यांचा खर्च त्यात नसतो. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील ही तफावत म्हणजेच नकारात्मक बाह्यता. ती भरून काढण्यासाठी कर अथवा शुल्क आकारावे, हा त्यावरील परिचित उपाय आहे.

येथे बाह्यतेबरोबरच सामायिक संसाधनाचाही प्रश्न आहे. एकाच भित्तीवर अनेक नौका येतात. एका चालकाने संयम पाळला, तरी त्याने सोडलेले पर्यटक दुसऱ्याच्या नौकेत बसतात. संयमाचा तोटा एकट्याला आणि लाभ सर्वांना, अशी ही स्थिती असते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात सामायिक कुरणाच्या दृष्टान्ताने हीच शोकांतिका मांडली होती. वंडूरच्या धक्क्यावरील बाटलीची अनामत ही या दृष्टीने लहान पण बोलकी व्यवस्था आहे. ती उपदेश करीत नाही. बाटली परत आणणे हे पर्यटकाच्या स्वतःच्या हिताचे ठरते, एवढेच ती साधते.

परवान्याची मुदत आणि अतिवापराचा मोह

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, एका प्रवाळस्थळाचा हंगाम २०० दिवसांचा आहे आणि प्रतिपर्यटक निव्वळ उत्पन्न १,००० रुपये आहे. दररोज १०० पर्यटक आले तर वार्षिक उत्पन्न २ कोटी रुपये होते आणि प्रवाळ टिकून राहतो. दररोज १५० पर्यटक आले तर उत्पन्न ३ कोटी होते. परंतु सहा वर्षांत स्थळाची रया जाते आणि पर्यटक येईनासे होतात.

दहा वर्षांची साधी बेरीज केल्यास संयमाच्या मार्गाने २० कोटी आणि अतिवापराच्या मार्गाने १८ कोटी मिळतात. संयम श्रेयस्कर दिसतो. परंतु भविष्यातील रुपयाचे आजचे मूल्य कमी असते. वटाव दर १० टक्के धरला, तर दहा वर्षांच्या संयमाचे वर्तमान मूल्य सुमारे १२.३ कोटी आणि सहा वर्षांच्या अतिवापराचे सुमारे १३.१ कोटी येते. म्हणजे दहा वर्षांचा विचार करणाऱ्या हिशेबी व्यावसायिकालाही अतिवापर फायद्याचा वाटतो. हाच विचार अमर्याद काळासाठी केला, तर त्याच वटाव दराने संयमाचे वर्तमान मूल्य २० कोटी होते आणि अतिवापराचे १३.१ कोटीच राहते.

या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ज्याच्या हाती एका वर्षाचा परवाना आहे, त्याच्यापुढे तुलना फक्त ३ कोटी आणि २ कोटी एवढीच असते. त्याच्याकडून दूरदृष्टीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे, कारण दूरचा काळ त्याच्या हिशेबातच नाही. अल्पमुदतीचे, नूतनीकरणाची शाश्वती नसलेले परवाने अतिवापराला उत्तेजन देतात. मुदत वाढवावी, मात्र नूतनीकरण प्रवाळाच्या स्थितीशी जोडलेले असावे. त्याचबरोबर केवळ मुदत वाढवूनही भागत नाही, हे वरील दहा वर्षांच्या आकड्यांवरून स्पष्ट होते. संख्येची मर्यादा ही समाजाच्या वतीने सार्वजनिक यंत्रणेनेच घालावी लागते.

विश्रांतीचे अर्थशास्त्र

शेतकरी जमीन काही काळ पड ठेवतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ असतो, तर पूर्व किनाऱ्यावर आणि अंदमानात तो १५ एप्रिल ते १४ जून असा असतो. विश्रांतीतून संसाधन पूर्ववत होते, हे तत्त्व ग्रामीण व किनारी समाजाला नवे नाही. वंडूरच्या उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे पर्यटकांसाठी आळीपाळीने खुली ठेवण्याची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. एका बेटाकडे सफरी सुरू असताना दुसऱ्याला उसंत मिळते आणि नौकाचालकांचा रोजगारही पूर्णपणे थांबत नाही.

ही विश्रांती वेळीच दिली नाही तर काय होते, याचे उदाहरण थायलंडमधील माया उपसागर आहे. २००० मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘द बीच’ या चित्रपटाने हे स्थळ जगप्रसिद्ध झाले. दिवसभराच्या नौकासफरींची तेथे रीघ लागली आणि एकेका दिवशी हजारो पर्यटक येऊ लागले. प्रवाळाची मोठी हानी झाल्यावर जून २०१८ मध्ये हा उपसागर बंद करावा लागला. जानेवारी २०२२ मध्ये तो पुन्हा खुला झाला, तेव्हा नियम पालटले होते. नौकांना उपसागरात प्रवेश नाही, त्या बेटाच्या मागील बाजूस थांबतात. पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवली जाते. दरम्यानच्या काळात तेथे काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क पुन्हा दिसू लागले होते. निसर्ग सावरू शकतो, ही यातील आशेची बाब. मात्र नियोजित विश्रांती टाळली की सक्तीची विश्रांती येते आणि तिचा भार अचानक बेरोजगार होणाऱ्या नावाड्यांवर पडतो, हीही यातील शिकवण आहे.

तापणारा समुद्र

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. समुद्राचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा सुमारे एक अंशाने काही आठवडे अधिक राहिले, तर प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये भारतीय प्रवाळप्रदेशांना याचे तडाखे बसले. अंदमानात २०१० चे विरंजन विशेष तीव्र होते. एप्रिल २०२४ मध्ये चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे घोषित झाले. लक्षद्वीपमधील १९९८ ते २०२२ या काळातील निरीक्षणांत जिवंत प्रवाळाचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आल्याचे आढळले. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालानुसार, जागतिक तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी ७० ते ९० टक्के उष्णकटिबंधीय प्रवाळभित्ती नष्ट होण्याचा धोका आहे. अशा परिस्थितीत चार पर्यटक कमी केल्याने काय साधणार, असे विचारले जाते.

याचे उत्तर प्रवाळाच्या पुनरुज्जीवनाच्या क्षमतेत आहे. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी पुन्हा थंड झाले, तर शैवाल परत येऊ शकते. तापाने अशक्त झालेल्या रुग्णाला दुसरा आजार सोसवत नाही, तसेच येथे घडते. गाळ, सांडपाणी, नांगर आणि गर्दी यांनी ग्रासलेल्या भित्तीला सावरणे कठीण जाते. जागतिक तापमान एका केंद्रशासित प्रदेशाच्या हाती नाही; नांगर कोठे टाकायचा हे आहे. त्यामुळे विरंजनाच्या वर्षी सफरींची संख्या तात्काळ कमी करण्याची तरतूद नियमांतच असली पाहिजे.

लाभ कोणाला, बंधन कोणाला

बेटांच्या अर्थव्यवस्थेत पर्यटनाच्या उत्पन्नाची गळती मोठी असते. इंधन, अन्नधान्य, बांधकाम साहित्य बाहेरून येते. मोठ्या हॉटेलांचा नफा बाहेर जातो. त्या तुलनेत नावाडी, काचतळाच्या होडीचा चालक, पाण्यात सोबत करणारा वाटाड्या, खाद्यपदार्थ विकणारी महिला यांच्या हाती पडणारा रुपया स्थानिक बाजारात फिरतो. सफरींवर मर्यादा घालताना हे उत्पन्न तुटणार नाही, याची काळजी घेणे हा न्यायाचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात मालवणला हा प्रश्न ओळखीचा आहे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. मासेमारीवर पोट भरणाऱ्या अनेक कुटुंबांना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील स्नॉर्केलिंग आणि नौकाविहाराने जोड उत्पन्नाचे साधन मिळाले. निर्बंधांचा नुसता उच्चार झाला तरी त्यांच्या मनात शंका उभी राहते आणि ती गैरवाजवी नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे कार्य येथे मार्गदर्शक ठरते. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामायिक संसाधनाचा नाश अटळ नसतो, हे त्यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखवून दिले. वापरकर्त्यांचा नियम ठरवण्यात सहभाग असेल, देखरेख त्यांच्याच माणसांकडून होईल आणि नियमभंगाला पायरीपायरीने वाढणारी शिक्षा असेल, तेथे संसाधने दीर्घकाळ टिकली. रोज त्याच पाण्यात उतरणारा वाटाड्या प्रवाळातील बदल सर्वांत आधी पाहतो. त्याच्या नोंदींना अधिकृत स्थान आणि त्या कामाचा मोबदला मिळायला हवा.

दुसरा प्रश्न पर्यटकांमधील समतेचा आहे. संख्या घटवली की दर वाढतो आणि मध्यमवर्गीय कुटुंब बाहेर फेकले जाते. राष्ट्रीय उद्यान ही राष्ट्राची मालमत्ता आहे, सधनांची खासगी बाग नव्हे. म्हणून मर्यादित जागांचे वाटप केवळ किमतीवर न सोडता काही हिस्सा सोडतीने आणि काही शालेय सहलींसाठी राखून ठेवणे इष्ट ठरेल.

धोरणाची दिशा

या विवेचनातून पुढील उपाय सुचतात. पहिला, प्रत्येक प्रवाळस्थळाची धारणक्षमता शास्त्रीय पाहणीने ठरवून ती नौकेच्या क्षमतेप्रमाणे धक्क्यावर जाहीर करावी आणि ठरावीक मुदतीने तिचा फेरविचार व्हावा. दुसरा, प्रवेशशुल्काचा निश्चित वाटा त्याच स्थळाच्या संवर्धनासाठी राखून ठेवावा. कॅरिबियन समुद्रातील बोनेर बेटाने १९९२ पासून पाणबुड्या पर्यटकांकडून शुल्क घेऊन आपल्या सागरी उद्यानाचा खर्च भागवण्याचा मार्ग स्वीकारला. आपले पैसे कोठे जातात हे दिसले, की पर्यटकही शुल्क देण्यास राजी होतो. तिसरा, प्रवाळावर नांगर टाकण्याची गरजच राहू नये यासाठी नौका बांधण्याचे कायमस्वरूपी तरंगते बोये उभारावेत. चौथा, पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाला थोडक्यात सूचना देणे बंधनकारक असावे : तरंगता अंगरखा घालावा, प्रवाळावर उभे राहू नये, काहीही उचलू नये. पलाऊ या देशाने २०२० पासून प्रवाळाला घातक रसायने असलेल्या उन्हाच्या मलमांवर बंदी घातली आहे. भारतातील सागरी उद्यानांसाठी तसा नियम करण्यास फारसा खर्च येणार नाही.

कायद्याचा आधार आधीपासूनच आहे. वन्यजीव अधिनियमाखेरीज २०१९ ची बेट किनारी नियमन क्षेत्र अधिसूचना प्रवाळभित्तींना सर्वाधिक संवेदनशील वर्गात ठेवते. शाश्वत विकासाच्या १४ व्या उद्दिष्टात सागरी संपदेच्या शाश्वत वापराचा समावेश आहे. अडचण अंमलबजावणीची आहे, आणि अंमलबजावणीसाठी वनरक्षक, गस्ती नौका व प्रशिक्षित निरीक्षक लागतात. अर्थसंकल्पात हा खर्च अनुत्पादक मानला जातो. प्रत्यक्षात तो नैसर्गिक भांडवलाच्या देखभालीचा खर्च आहे, आणि पर्यटनाचे पुढील सर्व उत्पन्न त्यावर अवलंबून आहे.

उद्याच्या प्रशासकांपुढे हा प्रश्न पुस्तकातील व्याख्येच्या रूपात येणार नाही. हंगामाच्या ऐन भरात आणखी काही नौकांना परवानगी मागणारा अर्ज टेबलावर येईल. अर्जदाराची गरज खरी असेल, धक्क्यावर खोळंबलेल्या पर्यटकांची निराशाही खरी असेल. प्रवाळाच्या वतीने अर्ज करणारे कोणी नसेल. त्या वेळी स्थळाची धारणक्षमता आधीच मोजून जाहीर केलेली असेल, तर नकार देणे अधिकाऱ्याला सोपे जाईल आणि अर्जदारालाही तो मनमानी वाटणार नाही. म्हणून हा आकडा हंगाम सुरू होण्यापूर्वी, शांतपणे आणि स्थानिकांना बरोबर घेऊन निश्चित करणे, हे या क्षेत्रातील पहिले काम होय.